सोसायटीच्या इमारतीचा आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोसायटीच्या सचिवांसाठी आहे, खजिनदारांसाठी आहे आणि वार्षिक सभेत मागच्या रांगेतून "यंदा बिल एवढं कसं?" असं विचारणाऱ्यांसाठीही आहे. मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर काढली. त्या काळात इमारतीचे आकडे कागदावर मांडायची सवय लागली. आता ओळखीच्या सोसायट्यांतून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

इमारतीचा 'वापर' आणि 'कामगिरी' म्हणजे नेमकं काय?

वापर म्हणजे इमारतीत कोण राहतं, किती जण राहतात, कधी घरी असतात आणि काय करतात. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दवाखाना सुरू झाला, तिसऱ्या मजल्यावर चार नोकरदार मुलं भाड्याने आली, पार्किंगमध्ये स्कूटर जाऊन गाड्या आल्या, कुणी बाल्कनी बंद करून खोली केली, हे सगळं वापरात येतं. कामगिरी म्हणजे त्या वापराला इमारत कशी पुरी पडते: वीज किती खाते, पाणी किती लागतं, लिफ्ट किती वेळा बंद पडते, कुठे गळते, कुठे प्लास्टर फुगतं.

बहुतेक सोसायट्यांकडे कामगिरीचे आकडे असतात, कारण त्यांची बिलं येतात. वापराच्या नोंदी नसतात, कारण त्यांची बिलं येत नाहीत. खरी गोम इथेच आहे. म्हणून माझा एकच आग्रह असतो: वरच्या पट्टीत वापर, खालच्या पट्टीत कामगिरी आणि दोन्हींना काळाची रेघ एकच.

बिलं फाइलला लावलेली आहेतच. मग चित्र कशाला?

आमच्याकडचं सांगतो. एका वर्षी जिना, पंप आणि लिफ्टच्या सामायिक मीटरचं बिल चढायला लागलं. सभेत ठरूनच गेलं की दुसऱ्या मजल्यावरचा क्लास याला कारणीभूत आहे. मुलं लिफ्टने वरखाली करतात, जिन्यातले दिवे चालू ठेवतात, वगैरे. क्लासवाल्या मॅडमना पत्र लिहायचं ठरलं, मसुदासुद्धा झाला होता. मी दोन वर्षांची बिलं आलेखावर मांडली आणि त्याच कागदावर क्लास सुरू झाला त्या तारखेला उभी रेघ मारली. बिल चढायला लागलं होतं जुलैत आणि क्लास सुरू झाला होता सप्टेंबरात.

मग वॉचमनची वही काढली. गच्चीवरची टाकी भरायला पूर्वी पन्नास मिनिटं लागत, आता ऐंशी लागत होती. खालच्या टाकीत उतरून पाहिलं तर पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ आणि प्लास्टिकची पिशवी अडकली होती. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॉटच्या आसपास. दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास जास्त चालला तर ढोबळ हिशेबाने महिन्याला दीडशेच्या वर युनिट उगाच जातात. पत्राचा मसुदा फाडला. फाइलमधली तीच बिलं सगळ्यांनी पाहिली होती, पण एकेक सुटं. चढ कुठून सुरू झाला ते सुट्या कागदांत दिसत नाही.

किती जुनी माहिती लागते आणि ती मिळते कुठे?

तीन वर्षांची असली तरी कामाला लागा. एका वर्षात ऋतू दिसतात, दुसऱ्या वर्षी ते पुन्हा तसेच येतात का ते कळतं, आणि कल कुठे चाललाय याचा अंदाज तिसऱ्या वर्षापासून बांधता येतो.

माहिती आपल्याच कपाटात असते. भोगवटा प्रमाणपत्राची तारीख ही कालरेषेची सुरुवात. सभासद नोंदवही, म्हणजे 'आय' नमुना, पाहिली की कोणता फ्लॅट कधी हस्तांतरित झाला ते कळतं. भाडेकरूंचा इतिहास ना-भोगवटा शुल्काच्या पावत्यांत असतो. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही म्हणून रकमा किरकोळ दिसतात, पण कोणता फ्लॅट कोणत्या महिन्यापासून भाड्याने गेला हे त्यांतून नेमकं मिळतं. दुरुस्त्यांसाठी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनची व्हाउचर्स चाळा. प्रोसिडिंग बुकात भांडणं असतात, आणि सोसायटीतलं भांडण म्हणजे बहुधा कुठल्या तरी बदलाची तारीख.

जुन्या सभासदांना विचारायलाही लाजू नका. "गच्चीवर दुसरी टाकी कधी बसवली?" याचं उत्तर कागदात सापडलं नाही तरी "आमच्या थोरलीच्या लग्नाच्या वर्षी" असं हमखास मिळतं. लग्नपत्रिका असतेच.

वीजबिलावरचे युनिट तसेच घेतले तर चालतील?

नाही चालत. नवखी माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात. बिलाचा महिना हा कॅलेंडरचा महिना नसतो, रीडिंग कधी लवकर घेतलं जातं, कधी उशिरा. समजा एका बिलात ३१ दिवसांचे ९३० युनिट आहेत आणि पुढच्यात २८ दिवसांचे ८९६. बिल कमी आलं म्हणून खजिनदार खूश. पण रोजचा वापर ३० युनिटांवरून ३२वर गेलेला असतो. म्हणून प्रत्येक बिलाला आधी दिवसांनी भागा आणि 'रोजचे युनिट' मांडा.

दुसरा घोळ सरासरी बिलाचा. मीटरखोलीला कुलूप होतं किंवा रीडिंग झालं नाही, की दोन महिने अंदाजे ८००-८०० युनिट लागतात आणि तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग आल्यावर एकदम १,७०० दिसतात. आलेखात सुळका उभा राहतो आणि सगळे त्या महिन्यात काय घडलं ते शोधत बसतात. काहीच घडलेलं नसतं. दोन खऱ्या रीडिंगमधला एकूण वापर, इथे ३,३००, तिन्ही महिन्यांत सारखा वाटून टाका आणि ते खांब फिक्या रंगात ठेवा, म्हणजे हा अंदाज आहे हे पाहणाऱ्याला कळेल.

मीटर बदलला असेल तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि गच्चीवर सोलर बसवलं असेल तर बिलातला निव्वळ आकडा वापर म्हणून मांडायचा नाही. बिल खाली आलं म्हणजे इमारत कमी वीज खायला लागली असं होत नाही. वीज कंपनीकडून घेतलेली, तिला परत दिलेली आणि पॅनेलने तयार केलेली वीज अशा तीन वेगळ्या रेघा लागतात. पॅनेलने केलेल्या विजेतून परत दिलेली वजा करून विकत घेतलेली मिळवली की खरा वापर निघतो. सोलर बसवून शाबासकी घेतलेल्या एका सोसायटीत याच हिशेबातून दिसलं की बेसमेंटचे पंखे बिल शून्य आल्याच्या आनंदात चोवीस तास सुरू होते.

यंदाच्या सप्टेंबरची तुलना मागच्या सप्टेंबरशी केली तर बरोबर ना?

मेची तुलना मेशी करायला हरकत नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबरला मात्र जरा थांबा. आपले सण इंग्रजी महिन्यांत एका जागी बसत नाहीत. गणेश चतुर्थी २०२३मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५मध्ये थेट २७ ऑगस्टला. अंगणात मांडव, रोषणाई, आरतीला आलेल्या पाहुण्यांची लिफ्ट, महाप्रसादाचं पाणी, हे सगळं एका वर्षी सप्टेंबरात पडतं, दुसऱ्या वर्षी निम्मं ऑगस्टात. दिवाळीचंही तेच. कालरेषेवर सणांच्या तारखा बारीक ठिपक्यांनी दाखवून ठेवा, निम्मे खुलासे करायची वेळच येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत कुलूपबंद फ्लॅट किती असतात तेही लिहून ठेवा. बिल घटलं याचं श्रेय एलईडी दिव्यांना देण्याआधी अर्धी इमारत गावाला गेली होती का ते पाहायला हवं.

कोणत्या प्रकारचा आलेख काढायचा?

प्रश्नावर अवलंबून आहे. वर्षानुवर्षांचा कल पाहायचा असेल तर साधी रेघ पुरते. वापरातले बदल, दुरुस्त्या आणि कंत्राटदारांची अदलाबदल दाखवायला आडव्या पट्ट्या बऱ्या: पट्टी जिथे सुरू होते ती पहिली तारीख, संपते ती शेवटची.

पण मला विचाराल तर सगळ्यात बोलका प्रकार म्हणजे तासांची गोधडी. ज्यांच्या सामायिक मीटरला स्मार्ट मीटर बसला आहे त्यांना तासागणिक आकडे मिळू शकतात. वर्षाचे ३६५ दिवस डावीकडून उजवीकडे, दिवसाचे २४ तास खालून वर. प्रत्येक तासाचा एक चौकोन, एकूण ८,७६०. वापर कमी तर रंग फिका, जास्त तर गडद. वहीत कधीच दिसणार नाहीत अशा गोष्टी त्यात दिसायला लागतात.

पहाटे साडेपाचला एक गडद आडवा पट्टा असतो, तो पंपाचा. आठ ते दहा लिफ्टची गर्दी, आणि रविवारी तिथे दर सात चौकोनांनी एक फिकी खाच. सर्वांत मजेशीर असते ती संध्याकाळची कड. आवारातल्या दिव्यांना उजेड ओळखणारा सेन्सर असेल तर ही कड वर्षाच्या मध्यावर फुगलेली दिसते, कारण आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. टायमर लावलेला असेल तर कड फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ येते. सरळ दिसली की समजायचं, जूनमध्ये दिवे उजेडात जळतायत आणि थंडीत वॉचमन अंधारात गेट उघडतोय.

तासांचे आकडे नसले तरी अडत नाही. वॉचमनला पंप सुरू-बंदच्या वेळा लिहायला सांगा, त्यातून छोटी गोधडी होते. ज्यांनी अशी वही ठेवली होती त्यांनी २०२०चा एप्रिल काढून पाहावा. लिफ्ट थंड, पंप तापलेला: माणसं घरातच होती आणि दिवसभर हात धूत होती.

रंगांबद्दल एवढंच सांगतो, लाल-हिरवी जोडी टाळा. बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि कमिटीत पुरुषच जास्त असतात. एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा वापरा, झेरॉक्स काढली तरी कळतं.

यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का? एक कंपनी 'डिजिटल ट्विन', म्हणजे इमारतीची संगणकातली जिवंत प्रतिकृती, देऊ म्हणते.

विमानतळ, मोठं रुग्णालय, आयटी पार्क यांना त्याचा उपयोग आहे. तिथे हजारो सेन्सर असतात आणि ते पाहायला पगारी माणूस असतो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला एक्सेल पुरतं, आलेखकागदही चालतो. मी पहिली तीन वर्षं मुलीच्या शाळेच्या आलेखवहीत काम भागवलं. खर्च करायचाच असेल तर पाण्याच्या मुख्य पाइपवर चांगला मीटर बसवा.

पाण्याचं बिल वर्षभर ठरावीकच येतं. मग काय मांडणार?

पंपाचे तास, टँकरची संख्या आणि जमलं तर मीटरचं रोजचं रीडिंग. तुलनेसाठी एक मोजपट्टी हाताशी ठेवा: शहरात माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनासाठीचा रूढ आकडा आहे. चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर रोजचं २१,६०० लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं. तुमचा आकडा याच्या दीडपट असेल तर आधी माणसं मोजा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार म्हणून नोंदवलेले आठ असतात, त्यात गळतीचा दोष नाही.

माणसं बरोबर असतील तर रात्री दोन ते चारचं पाणी मोजा. खालून पंप बंद ठेवायचा आणि गच्चीवरच्या टाकीची पातळी दोन वाजता व चार वाजता काठीने मोजायची. त्या वेळी जवळजवळ सगळे झोपलेले असतात. पातळी तरीही बोटभर उतरत असेल तर कुठला तरी फ्लश वाहतोय किंवा पाइप गळतोय. हा रात्रीचा आकडा दर महिन्याला एकदा घ्या आणि त्याची स्वतंत्र रेघ ठेवा. दिवसाचा वापर माणसांनुसार वरखाली होतो, रात्रीची रेघ चढली तर ती बहुधा इमारतीचीच तक्रार असते.

गळती आणि ओल आकड्यांत कशी आणायची?

आकड्यांत आणायचीच नाही. इमारतीचं समोरून दिसणारं चित्र काढा, प्रत्येक फ्लॅट एक चौकोन. ज्या फ्लॅटमधून त्या पावसाळ्यात गळतीची तक्रार आली तो चौकोन भरा. दर वर्षाचं असं काडेपेटीएवढं चित्र शेजारी शेजारी मांडा. पाच चित्रं झाली की ओल इमारतीत कशी फिरते ते दिसतं.

वरच्या मजल्याचे चौकोन भरत जात असतील तर गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, गेला. एकाच उभ्या ओळीत, चौथ्या-तिसऱ्या-दुसऱ्या मजल्यावर वर्षामागून वर्ष खाली उतरत असेल तर त्या डक्टमधला सांडपाण्याचा पाइप बघा. फक्त पश्चिमेच्या बाजूला असेल तर भिंतीच्या भेगा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून असतो. आणि पावसाळा संपून डिसेंबर उजाडला तरी जो चौकोन भरलेलाच राहतो तिथे पावसाचा संबंधच नाही, वरच्यांच्या बाथरूमकडे चला. इथे वरचे आणि खालचे यांचं बोलणं बंद झालेलं असतं. त्यावर माझ्याकडे आलेख नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटचे दोन अहवाल आहेत. त्यांतले आकडे जोडून रेघ काढता येईल?

जपून. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. त्यामुळे बऱ्याच सोसायट्यांकडे दोन-तीन अहवाल असतात आणि ते जोडायचा मोह होतो.

रिबाउंड हॅमरचे आकडे घ्या. हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो तसा पृष्ठभाग उलट जास्त कठीण होतो. म्हणजे वीस वर्षांनी आकडा वाढलेला दिसू शकतो आणि आत सळई गंजत असू शकते. "पिलर आणखी मजबूत झाले" असं मी एका सभेत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शिवाय मागच्या वेळी हातोडा मारलेली जागा आणि या वेळची जागा एकच होती का हे अहवालात बहुधा नसतं. पुढच्या ऑडिटला ऑडिटरला सांगा की जागा नकाशावर खुणा करून द्या.

कार्बन किती खोल मुरला याचा आकडा मात्र वर्षानुवर्षं मांडण्यासारखा असतो. काँक्रीटचा ताजा तुकडा पाडून त्यावर फेनॉल्फ्थॅलिन मारतात. जिथे गुलाबी होतं तिथलं काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळईला राखतंय. रंग येत नाही तिथपर्यंत कार्बन पोचला. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ढोबळपणे सांगायचं तर पहिले १० मिलिमीटर जायला १० वर्षं लागली असतील तर पुढचे १० जायला आणखी ३० लागतात. आलेखात ही रेघ सुरुवातीला झपकन चढते आणि मग वाकते. त्याच आलेखावर सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीची आडवी रेघ मारा. दोन रेघा जिथे भेटतात ते वर्ष सभेला दाखवा. दुरुस्तीनिधीवर एरवी तासभर चालणारी चर्चा दहा मिनिटांत आटोपते. पिलरला तडे असतील किंवा ओल सतत असेल तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही, गंज त्याच्या आधीच येतो.

हाफ-सेलच्या, म्हणजे सळईतला गंज विजेच्या दाबावरून ओळखायच्या चाचणीसाठी एकच आकडा लक्षात ठेवा. तांबे आणि मोरचुदाच्या इलेक्ट्रोडने मोजलेलं विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं असेल तर तिथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. याची रेघ नको, पिलरच्या नकाशावर रंगाचे ठिपके द्या.

भिंतीला भेग आहे. ती वाढतेय की तशीच आहे, हे कसं कळणार?

याचा आलेख भिंतीवरच काढायचा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची जुनी पद्धतही चांगली, भेग हलली की काच तडकते. दर महिन्याच्या एक तारखेला शेजारी पट्टी धरून फोटो काढा, दर वेळी त्याच वेळेला.

वेळेचा आग्रह यासाठी की काँक्रीट तापलं की वाढतं. दहा मीटर लांबीच्या गच्चीच्या स्लॅबचं तापमान २० अंशांनी बदललं तर लांबीत साधारण २ मिलिमीटरचा फरक पडतो. दुपारचा फोटो आणि पहाटेचा फोटो यांची तुलना केली तर घाबरायला होतं. काळ्या मातीवरच्या इमारतींत आणखी एक चक्र असतं: पाणी मिळालं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेग मेमध्ये उघडते आणि ऑगस्टात मिटते. वर्षभर मोजल्याशिवाय तिला 'वाढती' म्हणू नका. प्रत्येक मे मागच्या मेपेक्षा रुंद निघाला तर मात्र थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

एका फ्लॅटचं दुकान किंवा गोदाम झालं, त्याची नोंद आलेखात का हवी? परवानगीचा विषय वेगळा आहे ना?

परवानगीचा विषय वेगळा आहेच, तो इथे काढत नाही. पण इमारतीला परवानगी कळत नाही, वजन कळतं. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची फरशी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार धरून आखतात, किरकोळ विक्रीच्या दुकानाची सुमारे ४००. गोदामाला त्याहून जास्त. पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये कुणी टाइल्सची खोकी रचली तर त्या तारखेला उभी रेघ हवी. पुढे खालच्या स्लॅबला तडा दिसला की पहिला प्रश्न तोच असणार.

सगळी इमारत एकाच वेगाने जुनी होते का?

नाही, आणि म्हणून तिच्यासाठी एकच रेघ काढता येत नाही. ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी इमारतीकडे वेगवेगळ्या आयुष्यांचे थर म्हणून पाहायची पद्धत मांडली आणि पुढे अमेरिकेच्या स्टुअर्ट ब्रँड यांनी ते थर सहा केले: जागा, सांगाडा, बाहेरची त्वचा, पाइप-वायर-लिफ्ट, आतल्या भिंतींची मांडणी आणि घरातलं सामान. सामान रोज हलतं, सांगाडा पिढ्यान् पिढ्या तसाच असतो.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण मुंबईच्या बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ होत्या. खोली १६० चौरस फुटांची. सांगाड्याच्या थरात दशकानुदशकं रेघ जवळजवळ सपाट. पण वापराच्या थरात बघा: गावाकडून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपत, जेवण खाणावळीत. मग त्याच खोलीत बायको-मुलं आली, पोटमाळे झाले, मोऱ्या झाल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि दिवसाचं वेळापत्रकच बदललं. भिंती त्याच, त्यांच्यात चालणारी घड्याळं वेगळी. इथे नुसता दुरुस्तीखर्चाचा आलेख काढला तर यातलं काहीच हाती लागत नाही.

ही सगळी नवी फॅशन आहे का?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती १८५८ची आहे. क्रिमियन युद्धात इस्तंबूलजवळच्या स्कुटारीतली एक अवाढव्य सैनिकी बरॅक रुग्णालय म्हणून वापरली जात होती. म्हणजे वापर बदलला, इमारत तीच: खाली तुंबलेली गटारं, वर कोंदट हवा. मार्च १८५५मध्ये स्वच्छता आयोग आला, गटारं धुऊन काढली, हवा खेळती केली. आकृतीत पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्यातले मृत्यू एप्रिल १८५४पासून महिन्यागणिक मांडलेत आणि चित्र नेमकं मार्च १८५५पाशी दोन भागांत तोडलंय. डावं-उजवं पाहिलं की वेगळं सांगावं लागत नाही. पाकळ्यांचा आकार मात्र आपण उचलू नये, क्षेत्रफळं डोळ्याला नीट तोलता येत नाहीत. उचलायची ती जागा, जिथे त्यांनी चित्र तोडलं.

शेजारच्या सोसायटीशी तुलना करावी का?

करायचीच तर वर्षाच्या युनिटांना क्षेत्रफळाने भागून करा. ऊर्जा दक्षता ब्यूरो कार्यालयांच्या इमारतींना तारे देताना असंच प्रति चौरस मीटर वार्षिक युनिट पाहतं. पण त्यांच्याकडे दोन लिफ्ट, तुमच्याकडे एक, त्यांचा जिना उजेडाचा, तुमचा अंधारा. मला स्वतःच्याच मागच्या वर्षांशी तुलना जास्त प्रामाणिक वाटते. इंग्लंडमध्ये २००८पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींना दर्शनी भागात ऊर्जावापराचं प्रमाणपत्र लावावं लागतं आणि त्यात मागच्या तीन वर्षांची श्रेणीही दाखवतात.

प्रत्येक फ्लॅटचा वीजवापर फलकावर लावला तर लोक शिस्तीत येतील ना?

कृपा करून असं करू नका. तासागणिक वीजवापरावरून एखाद्या घरात माणसं कधी उठतात, कधी बाहेर असतात आणि कोणत्या आठवड्यात घर बंद होतं हे कुणालाही वाचता येतं. चोराला यापेक्षा काय हवं? फलकावर फक्त सामायिक मीटर. फ्लॅटचे आकडे हवेच असतील तर सभासदाच्या लेखी संमतीने घ्या, आणि त्याचे त्यालाच दाखवा. गळतीच्या चौकोनांवर मात्र माझ्या अनुभवात कुणी आक्षेप घेत नाही, उलट आपला चौकोन भरायचा राहिला म्हणून लोक भांडतात.

आलेख सभेत कसा दाखवावा?

प्रोजेक्टर नको. ए-थ्री कागदावर छापा आणि सभेच्या आठ दिवस आधी लिफ्टशेजारी लावा, बरोबर दोरीला बांधलेलं पेन. लोक लिफ्टची वाट बघत उभे असतात, वाचतात, आणि "इथे आमचं रंगकाम चालू होतं", "या महिन्यात मोटर जळली होती" असं लिहून जातात. आमच्या कालरेषेतल्या वापराच्या कितीतरी नोंदी अशाच आल्या आहेत.

उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू करा. २,८००पासून सुरू केली की ३,०००चा खांब २,९००च्या खांबाच्या दुप्पट उंच दिसतो आणि सभेत आरडाओरड होते. डावीकडे रुपये आणि उजवीकडे युनिट असा दोन मोजपट्ट्यांचा आलेखही टाळा, पट्ट्या हव्या तशा ताणून कुणाचीही कुणाशीही सांगड घालता येते. रुपये मांडूच नका म्हणा ना. दर वाढले की रेघ चढते, इमारतीने काहीही केलेलं नसताना.

मी सचिवपद सोडतोय. पुढच्याला काय द्यावं?

एक्सेलची फाइल, तिची छापील प्रत, आणि वॉचमनच्या वह्या. वह्या रद्दीत जातात, त्या आधी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवा. पंपाशेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली चालू वही मात्र तिथेच राहू द्या.